उपाशीपोटी, दर शुक्रवारी

झहरान आजोबा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात
आणि सुट्ट्या पैशांसोबत काउंटरवर एक रस्ता ठेवून जातात.
"या शुक्रवारी हा घे. पेट्रोल पंपाच्या मागून,
खजुराची बाग डाव्या हाताला.
नवा रस्ता झाल्यापासून तिकडे गाढवं आणि तू."
मी रिकाम्या खोक्यावर उतरवून घेते
आमच्या धंद्यातल्या त्या न लागणाऱ्या अक्षरात:
सकाळी एक. उपाशीपोटी. ऊन चढायच्या आत.

मी कऱ्हाडची. डोंगर म्हणजे
काहीतरी हिरवं पांघरून बसलेला माणूस, असं वाटायचं.
रुस्ताकमागचा डोंगर पहिल्यांदा पाहिला
तेव्हा अंगावर चिंधी नव्हती त्याच्या,
मी उगाच नजर वळवली.
आता त्याच्या बरगड्या मोजत चढते.

चारला निघते. पूर्ण बाह्या, हेल्मेट, दोन बाटल्या.
सायकल एका जर्मन इंजिनिअरची, जाताना निम्म्यात दिलेली.
सीट कितीही खाली केली तरी
तिला त्याच्या उंचीची आठवण येते.

रस्ता वादीत उतरतो, म्हणजे कोरड्या नदीत,
तिथे दोन्ही कडांना खांब. खाली पांढरे, वर लाल.
पाणी लालपर्यंत आलं तर थांब.
पाणी येतं वर्षातून दोनदा.
बाकीचे दिवस खांब गोट्यांवर ताटकळत उभे;
पाहुण्यांची गाडी चुकलीय
हे कुणी सांगितलंच नाही त्यांना.

शांत रस्त्यावरही आवाज असतातच.
चेन बोलते. भिंतीआडून फलजच्या पाटाचं पाणी.
बकरी पुठ्ठा चावते, करकर.
आणि कानात माझीच नाडी,
जी मी कुणाच्या कार्डावर लिहीत नाही.

तिसऱ्या चढावर मोतालेब मला मागे टाकतो.
गिअर नसलेली सायकल, पायात स्लिपर,
कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेला कोयता.
पहिल्या वेळी राग आला, खरं सांगते.
"आपा, वरच्या वळणाला कुत्रा आहे,
खिशात बिस्कीट ठेवत जा," म्हणाला
आणि धाप न लागता गेला.
एकदा त्याला माझा खोका दाखवला, नऊ रस्ते लिहिलेला.
उलटा धरून पाहिला त्याने.
"मला एकच आहे. बागेवर जायचा."

गेल्या शुक्रवारचा रस्ता आजोबांनी
दोनदा सांगितला, मग तिसऱ्यांदा.
"घाटात दगडी भिंत लागेल. तिथे थांब. पाणी पी."
थांबले. बिस्कीट कुत्र्याने आधीच घेतलं होतं.
मोतालेबची सायकल भिंतीला टेकलेली,
तो कोयत्याला धार लावत बसलेला,
आणि त्याच्या डोक्यावर, सिमेंटमध्ये, एक पंजा.
ओलं असताना कुणीतरी दाबलेला.
"हा इथलाच," मोतालेब म्हणाला, "मी आलो तेव्हापासून."
मी माझा तळवा ठेवून पाहिला.
सिमेंट अजून रात्रीइतकं गार होतं.
माझी बोटं त्याच्या पेरांत मावून उरली.

शनिवारी आजोबा आले. तारीख नव्हती गोळ्यांची.
उजव्या हाताची दोन बोटं नसलेल्या मुठीतून
त्यांनी काउंटरवर नाणी मांडली, एकेक, सावकाश.
सुरुंगाची भोकं पाडायचे ते, तो रस्ता झाला तेव्हा;
एवढंच माहीत होतं मला, बाकी विचारलं नव्हतं.

"भिंत?"
"आहे."
"त्यावर काही?"
"हात आहे."
आजोबांनी नाणी पुन्हा मोजली.
"पाचही?"
"पाचही."

मान हलवली, पाण्याचा खांब पाहिल्यासारखी एक नजर टाकली
माझ्या हातांकडे, आणि गेले.
नाणी तिथेच. पलीकडे ऊन तापलेलं,
मी दुकान उघडं टाकून त्यांच्यामागे धावले,
हातात गोळ्यांचं पाकीट,
कोरा खोका आणि पेन.